ओव्हनचं घड्याळ सहा मिनिटं मागे पडलं तेव्हा

पेग्निट्झकाठ

१ जानेवारी २०२६ पासून बल्गेरियात युरो सुरू झाला. ती बातमी वाचताना एका आकड्यापाशी थबकले. १ युरो म्हणजे १.९५५८३ लेव्ह (तिथलं जुनं चलन). हा आकडा मी गेली कित्येक वर्षं पाहते आहे, आमच्या शेजारच्या आजींच्या स्वयंपाकघरात. २००२ साली जर्मनीत युरोच्या नोटा-नाणी आली तेव्हा त्यांनी तो एका कागदावर लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवला: १ युरो = १.९५५८३ मार्क. कागद पिवळा पडला, कडा सुटल्या, पण आजींनी काढलेला नाही. अजूनही लोण्याचा भाव बघितला की त्या मनात दुप्पट करतात आणि मान हलवतात.

दोन्हीकडे एकच आकडा यायला कारण आहे. १९९६-९७ मध्ये बल्गेरियाचं चलन पार कोसळलं होतं. ते सावरायला त्यांनी लेव्ह जर्मन मार्कला बांधून टाकला. १९९९ मध्ये तीन शून्यं उडवल्यावर १ लेव्ह म्हणजे बरोबर १ मार्क झाला. पुढे मार्क युरोत विरला, तरी लेव्हने मार्कचाच दर धरून ठेवला. बॉस्नियाचं चलन तर आजही 'परिवर्तनीय मार्क' या नावाने त्याच दरावर चालतं. म्हणजे जर्मनीतून गेलेला मार्क बल्गेरियाच्या राजधानीत, सोफियातल्या दुकानांत परवापर्यंत दुसऱ्या नावाने फिरत होता.

यावरून मला आमच्या ओव्हनचं घड्याळ आठवलं. नाणं आणि घड्याळ यांचा काय संबंध ते सांगते, म्हणूनच धागा काढला.

२०१८ चा फेब्रुवारी संपत आला होता. मुलगा तेव्हा दुसरीत. सकाळी मी ओव्हनच्या हिरव्या आकड्यांकडे बघून डबा भरायची आणि त्याला ट्रामला पळवायची. आठवड्यात दोनदा ट्राम आमच्या डोळ्यांदेखत निघून गेली. दुसऱ्यांदा तो रडकुंडीला आला आणि मी त्यालाच रागावले, बूट घालायला वेळ लावतोस म्हणून. घरी येऊन मोबाइल आणि ओव्हन शेजारी धरून पाहिले. ओव्हन जवळजवळ सहा मिनिटं मागे! मी ते बरोबर लावलं आणि विसरून गेले.

थोड्याच दिवसांत बातमी आली. जानेवारीच्या मध्यापासून पोर्तुगालपासून पोलंडपर्यंत आणि डेन्मार्कपासून तुर्कस्तानपर्यंत ओव्हनची, मायक्रोवेव्हची, गजराच्या रेडिओची घड्याळं मागे पडत होती. २५ देशांत. ही घड्याळं स्वतः वेळ ठेवत नाहीत, भिंतीतून येणाऱ्या विजेची कंपनं मोजतात. ५० कंपनं झाली की एक सेकंद धरायचा, एवढंच त्यांना कळतं. युरोपच्या सामायिक ग्रिडची (वीजजाळ्याची) फ्रिक्वेन्सी, म्हणजे सेकंदाला होणारी कंपनं, त्या काळात सरासरी ५० ऐवजी ४९.९९६ हर्ट्झ होती. फरक किती? दिवसाला सात सेकंदांहून थोडा कमी. पण पन्नास दिवस साचला की जवळजवळ सहा मिनिटं होतात. (मी कागदावर करून पाहिलं. जुळतं.)

आणि कारण? कोसोव्हो. सर्बिया आणि कोसोव्हो यांच्यात वीज कोणी भरून द्यायची यावरून वाद होता. उत्तर कोसोव्होतल्या सर्बबहुल भागाचं वीजबिल भरलं जात नव्हतं. तो खड्डा कोणी भरायचा यावर दोघांची तोंडं दोन दिशांना. त्या भागातून ११३ गिगावॅट-तास वीज कमी पडली. ग्रिड एकच असल्याने ती तूट सगळ्यांनी न कळत उचलली आणि इथे न्यूर्नबर्गमध्ये माझ्या पोराची ट्राम चुकली.

पुढचा भाग मला जास्त आवडतो. तूट थांबल्यावर ग्रिड चालवणाऱ्यांनी काही आठवडे फ्रिक्वेन्सी मुद्दाम किंचित जास्त ठेवली आणि हरवलेला वेळ भरून काढला. बेडरूममधल्या गजराच्या रेडिओला आम्ही हात लावला नव्हता (मार्चअखेर उन्हाळी वेळेसाठी फक्त तासाचं बटण दाबलं). तो एप्रिलमध्ये आपोआप बरोबर झाला. मी 'दुरुस्त' केलेला ओव्हन मात्र सहा मिनिटं पुढे गेला होता.

तेच कोसोव्हो युरोपीय संघात नाही, तरी तिथे चलन युरोच आहे. १९९९ मध्ये त्यांनी मार्क घेतला आणि २००२ मध्ये मार्कबरोबर युरोत आले. नाणं आमचं-त्यांचं एक, वीज एक, आणि बिल कोणी भरायचं यावर मात्र एकमत नाही. युरोपात राहायला आल्यापासून ही एक गोष्ट मला सारखी जाणवते. इथे रोजच्या वापरातल्या किती वस्तू सामायिक आहेत! त्या नीट चालतात तोवर कोणाला दिसत नाहीत. कुठेतरी, कोणीतरी आपला वाटा टाकला नाही की शेकडो मैलांवरच्या स्वयंपाकघरात ते उमटतं.

२०२२ च्या हिवाळ्यात तेच झालं, फक्त सहा मिनिटांपेक्षा फार महाग. युक्रेन युद्धापूर्वी जर्मनीच्या गॅसपैकी निम्म्याहून जास्त रशियातून यायचा. ऑगस्टअखेर तो थांबला, सप्टेंबरमध्ये बाल्टिक समुद्राखालच्या नळांत स्फोट झाले. आमच्या पुरवठादाराचं पत्र आलं: महिन्याचा हप्ता ९५ युरोंवरून २४० युरो. मी ते पत्र तीनदा वाचलं. सरकारी इमारतींत तापमान १९ अंश ठरवून दिलं, गावातल्या जुन्या वास्तूंवरचे दिवे रात्री बंद केले. आमच्या घरी हीटरचा खटका तीनवरून दोनवर आला. मुलगा पांघरूण घेऊन अभ्यासाला बसायचा आणि आम्ही गरम पाण्याची पिशवी आळीपाळीने वापरायचो. पुढे सरकारने आधीच्या वापराच्या ८० टक्के गॅसला युनिटमागे १२ सेंटांची मर्यादा घातली, तेव्हा जरा श्वास घेतला.

त्यानंतर आम्ही बाल्कनीत सोलर लावला. दोन पॅनेल, एक छोटा इन्व्हर्टर आणि सरळ भिंतीतल्या सॉकेटमध्ये प्लग. आमच्या इमारतीत तेव्हा जुना, चकतीचा मीटर होता. पहिल्या रविवारी दुपारी मी तळघरात उतरून बघितलं. चकतीवरची लाल खूण डावीकडून उजवीकडे जायची ती हळूहळू थांबली, क्षणभर थरथरली आणि उलटी फिरायला लागली. मी अंधारात किती वेळ उभी होते कोणास ठाऊक. जी वीज मी वापरली नाही ती शेजारच्या आजींच्या किटलीत जात होती. (आता तो मीटर बदलून डिजिटल बसवलाय. नवीन मीटर उलटा फिरत नाही.)

तुमच्याकडच्या, मग तो देश कुठलाही असो, अशा सामायिक गोष्टींचे अनुभव वाचायला आवडतील.

निवृत्त_कळवा

फार सुंदर लिहिलंय. मी महाराष्ट्राच्या लोड डिस्पॅच सेंटरला (राज्याच्या वीजपुरवठ्याचा तोल सांभाळणारं केंद्र), कळव्याला, नोकरीची अखेरची पंधरा वर्षं काढली, म्हणून राहवत नाही.

फ्रिक्वेन्सी म्हणजे ग्रिडची नाडी. मागणी वाढली आणि निर्मिती तेवढी वाढली नाही की सगळी जनित्रं एकदम जरा जड होतात, मंदावतात. कोयनेचं जनित्र आणि चंद्रपूरचं जनित्र यांच्यात मैलोगणती अंतर, पण फिरतात एकाच तालात. बैलजोडीतला एक बैल थकला तर दुसरा एकटा पुढे जाऊ शकत नाही, तसं.

आमच्या उमेदीच्या काळात ४८.५ म्हणजे नेहमीचंच. कंट्रोल रूमच्या भिंतीवर मोठा लाल आकडा असायचा, संध्याकाळी सहानंतर सगळ्यांचे डोळे त्यावर. ४८ च्या जवळ आला की फोन सुरू. कोणाचा फीडर (एका भागाला वीज नेणारी लाइन) बंद करायचा हे ठरवताना हात थरथरायचा, कारण त्या फीडरवर दवाखाना आहे की नाही हे आठवावं लागायचं. २००२ मध्ये पश्चिम विभागात नवीन दरपद्धत आली. ठरल्यापेक्षा जास्त वीज ओढली आणि तेव्हा फ्रिक्वेन्सी कमी असली की दंडाचा दर चढायचा. त्यानंतर शिस्त आली. लोक सुधारले म्हणून नव्हे, हिशोब दर पंधरा मिनिटांनी लागायला लागला म्हणून. आज आपल्याकडे ४९.९० ते ५०.०५ एवढ्या पट्ट्यात ग्रिड ठेवायची असते.

तुमच्या कोसोव्होच्या गोष्टीत मला तेच दिसतं. तूट मोठी नव्हती. तिचा धनी ठरत नव्हता.

मुठेचं_पाणी

वाचते आहे. 'मी त्यालाच रागावले' इथे पोटात तुटलं.

कोथरूडचा_कारकून

ताई, लेख आवडला. एक प्रश्न. जर्मनीत अजून लोक रोख वापरतात हे खरं का? माझी बहीण म्युनिकला गेली तर बेकरीत कार्ड घेतलं नाही म्हणे. इथे आमचा भाजीवाला दहा रुपयांच्या कोथिंबिरीला यूपीआय घेतो. एवढा तंत्रज्ञानाचा देश आणि हे कसं?

पेग्निट्झकाठ

@निवृत्त_कळवा, काका, 'तिचा धनी ठरत नव्हता' हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलं. दवाखान्याचं वाचून अंगावर काटा आला.

@कोथरूडचा_कारकून, अगदी खरं. बुंडेसबँकेच्या (जर्मनीच्या मध्यवर्ती बँकेच्या) २०२३ च्या पाहणीत खरेदीच्या एकूण व्यवहारांपैकी निम्म्याहून किंचित जास्त रोखीने झाले होते. आमच्या कोपऱ्यावरच्या बेकरीत 'दहा युरोंच्या वरच कार्ड' अशी पाटी होती, गेल्या वर्षी निघाली. मी पहिल्यांदा आले तेव्हा मलाही हे मागासलेलं वाटायचं. आता तसं वाटत नाही. इथे माणसं मनापासून मानतात की मी कुठे, काय, कधी घेतलं याची नोंद कोणाकडे असू नये. आजी सांगतात, त्यांच्या आयुष्यात दोनदा असं सरकार आलं ज्याला सगळ्यांची यादी हवी होती. (त्यांचं बालपण आणि लग्नापर्यंतची वर्षं पूर्व जर्मनीत गेली.) हे ऐकल्यावर मी त्यांना यूपीआयचं कौतुक सांगताना आवाज खाली आणला.

पण सोयीच्या बाजूनेही बदल होतोय. ऑक्टोबर २०२५ पासून युरो क्षेत्रातल्या बँकांना दहा सेकंदांत पैसे पोचवणं बंधनकारक झालं, तेही साध्या ट्रान्सफरपेक्षा जास्त पैसे न लावता. शिवाय पाठवण्याआधी खात्याचं नाव जुळतं का ते दाखवावं लागतं. भावाने पुण्याहून विचारलं, हे आत्ता? हो, आत्ता. वीस देशांच्या बँकांना एका नियमात आणायला वेळ लागतो.

व्हितोशा

मी सोफियात राहतो, आयटीत आहे, मूळचा सांगलीचा. तुमचा पहिलाच परिच्छेद वाचून उडालो, कारण गेले कित्येक महिने मी हाच आकडा खातोय-पितोय. ८ ऑगस्ट २०२५ पासून प्रत्येक वस्तूवर दोन भाव लिहिणं सक्तीचं होतं. दह्याचा डबा, बसचं तिकीट, न्हाव्याच्या दुकानातली पाटी, सगळीकडे दोन आकडे.

जानेवारीभर दोन्ही चलनं चालली. लेव्ह द्यायचे आणि सुट्टे युरोत मिळायचे. दुकानातल्या बाईंच्या शेजारी कॅल्क्युलेटर आणि दोन गल्ले. पहिल्या आठवड्यात एक म्हातारे गृहस्थ माझ्या पुढे रांगेत होते. त्यांनी मुठीतली नाणी काउंटरवर पसरली आणि बाईंना म्हणाले, तुम्हीच घ्या काय घ्यायचं ते. बाईंनी एकेक नाणं उचलून मोठ्याने मोजलं, रांगेतलं कोणीही घाई केली नाही.

युरोविरुद्ध मोर्चेही निघाले होते. महागाईची भीती खरी आहे, इथे पेन्शनवर जगणारे पुष्कळ. दुसरी भीती ओळखीची. म्हणून नवीन नाण्यांवर काय आहे ते लोक फार बारकाईने पाहतात. लहान नाण्यांवर मादाराचा घोडेस्वार आहे, डोंगरकड्यात कोरलेला, १ युरोवर संत इव्हान रिल्स्की. २ युरोच्या कडेवर 'देवा, बल्गेरियाचं रक्षण कर' असं कोरलंय. नाण्याची एक बाजू सगळ्यांची, दुसरी आपली.

पांझरा

हा धागा धुळ्याच्या माणसाने वाचला तर त्याला फड आठवणारच.

आमच्याकडे पांझरेवर जुनी फड पद्धत आहे. नदीवर बंधारा, त्यातून पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे मोठे मोठे तुकडे म्हणजे फड. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, म्हणजे पाणी एकदम लागतं आणि एकदम थांबतं. पाणी सोडायला पाटकरी असतो, तो कोणाच्या शेताचा नाही, सगळ्यांचा, त्याला मेहनताना सगळे मिळून देतात. माझे आजोबा सांगायचे, पाऊस कमी झाला की एक फड कोरडा ठेवायचा. पण तुमची जमीन प्रत्येक फडात थोडी थोडी असते, त्यामुळे तूट एकाच्या माथी येत नाही, सगळ्यांच्या वाट्याला थोडी थोडी येते.

काकांनी सांगितलेला धनी आणि आमचा पाटकरी हे एकच काम करतात असं मला वाटतं. पाटावर पुढचा शेतकरी रात्री दार उघडून बसला की शेपटाच्या शेतात पाणी पोचत नाही. शेपटाचा शेतकरी त्याला ओळखतो, सकाळी जाऊन भांडतो. तुमच्या युरोपात मात्र शेपटाला बसलेल्या ताईंना वाटलं, पोरगा बूट घालायला वेळ लावतोय.

खरं_बोलू

सगळं छान आहे, पण मला थोडी कडू बाजू मांडायची आहे. सामायिक नाण्याचं इतकं गोड वर्णन वाचून ग्रीसचे लोक काय म्हणतील? मी २०१३ ते २०१६ अथेन्सला होतो, जहाज कंपनीत. मी गेलो तेव्हा बेरोजगारी २७ टक्के. जून २०१५ च्या शेवटी बँका बंद झाल्या आणि एटीएममधून दिवसाला ६० युरो एवढेच मिळायचे. माझ्या घरमालकाचे वडील सकाळी सहाला खुर्ची घेऊन एटीएमपाशी बसायचे. ६० ची नोट नसते, २० च्या संपल्या की ५० ची एकच मिळायची.

द्राख्मा (ग्रीसचं जुनं चलन) असता तर त्याची किंमत पडली असती, पर्यटक वाढले असते, निर्यात वाढली असती, जखम तिथल्या तिथे भरली असती. युरोमुळे ते दार बंद. उरले पगार कापणं आणि पेन्शन कापणं. आपल्याकडेही रुपया सगळ्यांचा एकच आहे, पण वित्त आयोग आहे. मुंबईतून गोळा झालेल्या करातून बिहारला वाटा जातो. त्यावर आपण कुरकुरतो, पण तो जातो. युरोपात नाणं एक आणि तिजोऱ्या एकवीस. पांझराभाऊंच्या फडात प्रत्येकाची जमीन प्रत्येक फडात होती, इथे ग्रीसची सगळी जमीन कोरड्या फडात होती.

पेग्निट्झकाठ

@खरं_बोलू, तुमचं म्हणणं मला पटतं, आणि ते कडू असलं तरी इथे हवंच होतं. त्या वर्षी इथल्या वर्तमानपत्रांत ग्रीक लोकांबद्दल जे लिहून यायचं ते वाचून मला लाज वाटायची. आजोबा खुर्ची घेऊन बसतात हे कोणी लिहिलं नाही.

एवढंच म्हणेन: त्या वेळी ग्रीसने युरो सोडला नाही, आणि २०२२ मध्ये गॅसच्या टंचाईत जर्मनीवर तीच पाळी आली तेव्हा दक्षिणेकडच्या देशांनीही वापर कमी करायचं कबूल केलं, जरी त्यांचा गॅस रशियावर तेवढा अवलंबून नव्हता. स्पेन, पोर्तुगाल, ग्रीस सुरुवातीला नाराज होते. त्यांचा मुद्दा बरोबर होता: आम्हाला काटकसर शिकवणाऱ्यांनी स्वतः एकाच विहिरीवर भरवसा ठेवला. मला तो मुद्दा अजून टोचतो.

स्टावांगरकर

आमच्या नॉर्वेत युरो नाही, आम्ही संघातही नाही, तरी तुमच्या वीजदराचा चटका इथे बसतो. १२ डिसेंबर २०२४ ची संध्याकाळ. जर्मनीत ढग, वारा पडलेला, सोलर शून्य, पवनचक्क्या उभ्या. बाजारात वीज मेगावॅट-तासाला ९०० युरोंच्या वर गेली. आमच्या दक्षिण नॉर्वेतून जर्मनीला समुद्राखालून १४०० मेगावॅटची केबल आहे, त्यामुळे आमचाही भाव भडकला. त्याच वेळी उत्तर नॉर्वेत वीज कवडीमोल, कारण तिथली वीज दक्षिणेला आणायला तारा पुरेशा नाहीत.

आम्ही त्या दिवशी कपडे धुतले नाहीत, मोटार चार्ज केली नाही. शेजारी म्हणाले, धरणं आमची, पाऊस आमचा आणि भाव जर्मनीच्या वाऱ्याचा? जानेवारी २०२५ मध्ये संघाच्या वीजनियमांवरून इथलं आघाडी सरकार मोडलं, एक पक्ष बाहेर पडला. आता ऑक्टोबर २०२५ पासून सरकारने घरगुती ग्राहकांना युनिटला ४० ओअर (म्हणजे ०.४० क्रोन, कर सोडून) असा पक्का दर निवडायची सोय दिली आहे. मी घेतला. झोप लागते. पण हेही खरं की आता वीज कधी महाग आहे हे मी बघतच नाही, आणि टंचाईच्या संध्याकाळी माझं धुण्याचं यंत्र बिनधास्त चालू असतं.

निवृत्त_कळवा

स्टावांगरकरांच्या माहितीत एक भर घालतो. ती केबल डीसी आहे, म्हणजे तीत वीज एकाच दिशेने वाहते, कंपनं नसतात. नॉर्डिक ग्रिड आणि युरोपची ग्रिड यांचा ताल वेगळा. केबलमधून वीज जाते, फ्रिक्वेन्सी जात नाही. म्हणून २०१८ मध्ये नॉर्वेत तुमच्या ओव्हनची घड्याळं मागे पडली नसणार. भाव मात्र डीसीतूनही जातो.

आपल्याकडेही असंच होतं. दक्षिण भारताची ग्रिड बाकी देशाला बरीच वर्षं फक्त डीसीने जोडलेली होती. ३१ डिसेंबर २०१३ च्या रात्री सोलापूर-रायचूर ७६५ केव्ही लाइन सुरू झाली आणि सगळा देश एका तालात आला. मी त्या वेळी निवृत्त झालो होतो, तरी जुन्या सहकाऱ्याने फोन करून सांगितलं, 'साहेब, धरलं.' एवढाच शब्द. त्याआधी दीड वर्ष, जुलै २०१२ मध्ये, अर्धा देश अंधारात गेला होता. आपला पश्चिम विभाग त्यातून वाचला. त्यामुळे एकत्र येण्याची भीती आम्हाला माहीत होती, आणि तरीही एकत्र आलो, हे लक्षात ठेवावं.

नागपूर_ते_व्हॅलेन्सिया

संत्र्याच्या गावातून संत्र्याच्याच गावात आलेली मी. २८ एप्रिल २०२५, दुपारी १२:३३. काही सेकंदांत स्पेन आणि पोर्तुगाल दोन्ही बंद. आधी वाटलं आपलाच फ्यूज गेला. मग बाल्कनीत आले तर सगळी गल्ली बाल्कनीत.

लहानपणी नागपूरला भारनियमन पाहिलंय, त्यामुळे मी घाबरले नाही. पण इथल्या माणसांना वीज जाते हेच माहीत नव्हतं. सिग्नल बंद, मोबाइलचं नेटवर्क तासाभरात गेलं. कार्ड कुठेच चालेना. माझ्याकडे पाच युरोंची एक नोट होती, जर्मन आजींना नक्की आवडेल ही गोष्ट. ज्यांच्याकडे तीही नव्हती त्यांना खालच्या पाववाल्याने वहीत नाव लिहून पाव दिला. उधारीची वही मी स्पेनमध्ये पहिल्यांदा बघितली! ज्याच्याकडे सेलवर चालणारा रेडिओ होता त्याने तो खिडकीत ठेवला, आणि खाली फुटपाथवर वीस-पंचवीस जण उभे राहून बातम्या ऐकत होते.

फ्रान्स आणि मोरोक्कोकडून वीज घेऊन, धरणांची जनित्रं चालवून तुकड्या-तुकड्याने ग्रिड उभी केली. आमच्याकडे रात्री अकराला दिवा आला. गल्लीभर टाळ्या वाजल्या. आमच्या द्वीपकल्पाची फ्रान्सशी जोडणी फार तोकडी आहे, मधल्या पिरेनीज पर्वतातून तारा न्यायला वर्षानुवर्षं विरोध होता. त्या दिवसापासून लोक तारांबद्दल वेगळं बोलतात.

गोदाघाट

ताई, ते बाल्कनीतल्या सोलरबद्दल जरा सविस्तर लिहा ना. नाशिकला आमचा फ्लॅट आहे, गच्ची सोसायटीची, त्यामुळे छतावरच्या योजनेचा आम्हाला काही उपयोग होत नाही. दक्षिणेकडची बाल्कनी मात्र दिवसभर तापते.

पेग्निट्झकाठ

@गोदाघाट, सांगते. इथे इन्व्हर्टर ८०० वॅटपर्यंत चालतो (मे २०२४ पूर्वी ६०० होता), पॅनेल मिळून २००० वॅटपर्यंत. सरकारी नोंदवहीत ऑनलाइन नाव घालायचं, पाच-दहा मिनिटांचं काम. २०२३ पासून त्यावर विक्रीकर शून्य आहे. आणि महत्त्वाचं म्हणजे ऑक्टोबर २०२४ पासून भाडेकरूलाही तो लावायचा हक्क आहे, घरमालक सबळ कारणाशिवाय नाही म्हणू शकत नाही. आमचे मालक दोन वर्षं 'दर्शनी भाग बिघडेल' म्हणत होते, आम्ही तो आधी फक्त कठड्याच्या आतून उभा केला होता. कायदा झाल्यावर बाहेरून टांगला.

आमची बाल्कनी नैर्ऋत्येला. गेल्या वर्षी साधारण ६०० युनिट तयार झाली, त्यातली ४०० आम्ही वापरली, बाकी ग्रिडला फुकट गेली. दोन पॅनेल आणि सामान मिळून ४२० युरो पडले होते. तिसऱ्या वर्षी पैसे वसूल होतील. फ्रिज, राउटर आणि दुपारी भात, एवढं उन्हावर निघतं. कुकर आता मी बारा ते दोनमध्येच लावते. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, आम्ही पापड-कुरडया उन्हाच्या वेळेनेच करायचो.

इन्व्हर्टरबद्दल एक नक्की बघा: ग्रिडची वीज गेली की तो क्षणात बंद व्हायलाच हवा, नाहीतर तार दुरुस्त करणाऱ्याच्या जिवाशी खेळ. म्हणजे भारनियमनात याचा उपयोग नाही, त्याला बॅटरी लागते. महाराष्ट्रात सॉकेटमध्ये थेट प्लग लावण्यापूर्वी वीज कंपनीच्या कार्यालयात लेखी विचारा. काका यावर जास्त सांगू शकतील.

निवृत्त_कळवा

विचारल्याशिवाय लावू नका. माझा एक वायरमन असाच गेला, शेजाऱ्याच्या जनरेटरची वीज उलटी आली होती. एवढंच सांगतो.

व्हितोशा

काका, हे वाचून काही लिहवेना.

उशिराने एक सांगतो. काल बरणीतले उरलेले लेव्ह पोस्टात देऊन आलो. जून २०२६ अखेरपर्यंत बँका आणि पोस्ट मोफत बदलून देणार, त्यानंतर मध्यवर्ती बँकेत कधीही. २० लेव्हचे १० युरो २३ सेंट आले. एक लेव्हचं एक नाणं मात्र मुलीसाठी ठेवलं, त्यावर इव्हान रिल्स्की आहेत. नव्या १ युरोवरही तेच आहेत. तिने दोन्ही शेजारी ठेवून पाहिले आणि म्हणाली, बाबा, आजोबा तेच आहेत.

पेग्निट्झकाठ

@व्हितोशा, तुमचा प्रतिसाद मी आजींना जर्मनमध्ये करून सांगितला, दर तोच आहे हेही सांगितलं. त्या उठल्या, आतल्या खोलीतून पाककृतींची जुनी वही आणली. ख्रिसमसच्या केकच्या पानात ५० मार्कांची नोट होती, त्यांच्या नवऱ्याने ठेवलेली, तो २००१ मध्ये गेला. बुंडेसबँक मार्क आजही बदलून देते, मुदत नाही. मी म्हटलं, चला, शाखेत जाऊन २५ युरो ५६ सेंट घेऊन येऊ.

आजींनी नोट उन्हात धरून पाहिली, घडी सरळ केली आणि पुन्हा त्याच पानात ठेवली. मग कपाट उघडून तो पिवळा कागद सुटलेल्या कडेला नवीन चिकटपट्टी लावून बसवला.